काळ्या गाऊनचा रंग

४ जानेवारी

धाकटीस,

हे पत्र न वाचता फाडणे तुझ्या अधिकारात आहे. तरीही फाडण्यापूर्वी एवढा परिच्छेद वाचावास, कारण त्यातील प्रश्नाचे उत्तर तुझ्याखेरीज कोणाजवळ नाही. प्रश्न असा: अडतीस वर्षांपूर्वी, चित्रपटातली नायिका जिन्यावरून उतरते त्या प्रसंगासाठी तू जो गाऊन शिवलास, तो शिवतानाच हिरवा होता काय?

आता विचारण्याचे कारण. गेल्या मंगळवारी येथील वस्तुसंग्रहालयातील वस्त्रविभागाच्या प्रमुख बाई माझ्याकडे आल्या. वयाने माझ्या अखेरच्या विद्यार्थिनींएवढ्या असाव्यात. त्यांनी चष्मा पुसला, पिशवीतून एक पिवळा पडलेला कागद काढला आणि विचारले, “ही सही तुमचीच ना?”

सही माझीच होती. स्टुडिओच्या व्यवस्थापकांना मी लिहिलेले तक्रारपत्र ते. त्याचा मजकूर तू कधी वाचलास की नाही हे मला ठाऊक नाही. परिणाम मात्र आठ दिवसांत तुझ्या वाट्याला आला: स्टुडिओतले काम गेले.

स्टुडिओ केव्हाच मोडीत निघाला. कपडेपटातील चाळीस पेट्या आणि कागदांचे गठ्ठे संग्रहालयाने घेतले. मार्चमध्ये कृष्णधवल चित्रपटांतील पोशाखांचे प्रदर्शन भरणार असून दारातून आत शिरताच समोर तो गाऊन उभा राहणार आहे. त्याखालच्या पाटीवर कारागिराचे नाव हवे. हजेरीपटात केवळ ‘शिंपी – सात’ अशी नोंद आहे. गाऊन कोणी शिवला हे सांगणारा एकच कागद साऱ्या गठ्ठ्यात निघाला, आणि तो माझा. “हा गाऊन माझ्या धाकट्या बहिणीने एकटीने शिवला आहे,” असे मी त्यात लिहिले आहे. पुढच्याच वाक्यात, त्यासाठी तिने घरातून कापड चोरले, असेही लिहिले आहे.

“म्हणजे बघा,” बाई म्हणाल्या, “नाव छापायचं तर आधार हा. आणि हाच कागद त्यांना चोर म्हणतो. जिच्यावर आरोप उभा आहे तिचं नाव आम्ही पाटीवर कसं लावणार?”

“मग काय लावता?”

“कारागीर अज्ञात. तुम्ही आरोप मागे घेतल्याचं लेखी दिलंत तर गोष्ट वेगळी. दहा फेब्रुवारीला पाट्या छापायला जातात.”

त्यांनी तुला दोनदा लिहिले होते म्हणे. तू उत्तर दिले नाहीस. तुझा पत्ता त्यांना कपडेपटातल्या जुन्या इस्त्रीवाल्याकडून मिळाला. तू त्याला दरवर्षी पत्र पाठवतेस, यावर मी भाष्य करत नाही.

वस्तुस्थिती क्रमाने मांडते. आई गेल्यावर तिचे कपाट मी उघडले. तिचा डाळिंबी रेशमी पोशाख त्यात नव्हता. तीन महिन्यांनी तो चित्रपट लागला. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. नायिका जिना उतरली आणि गाऊनच्या घेराला आई भरायची तीच पाने मला दिसली: टोकाशी वळलेली, देठाला दुहेरी टाका. घरी येऊन मी तुला जाब विचारला. तू म्हणालीस, “तो कपडा नवा आहे, ताई. हिरवा आहे. उद्या चल, दाखवते.” मी म्हणाले, बघायची गरज नाही; डाळिंबी होता, मी डोळ्यांनी पाहिला आहे. मग आईचा पोशाख कुठे आहे, असे विचारल्यावर तू गप्प राहिलीस. ते मौन मी कबुली म्हणून धरले.

काल बाईंनी मला संग्रहालयात नेऊन पेटीतला गाऊन दाखवला. तो हिरवा आहे. गडद, शेवाळी हिरवा. नंतर रंगवला असावा, हा माझा पहिला तर्क. परंतु शिवणींच्या आत दुमडलेले, कधीच उजेड न पाहिलेले कापडही त्याच रंगाचे आहे.

चित्रपट कृष्णधवल होता. हे तीन शब्दांचे वाक्य मी अडतीस वर्षांत स्वतःशी एकदाही उच्चारले नाही. आजही डोळे मिटले की तो मला डाळिंबीच दिसतो. न पाहिलेला रंग मी कुठे पाहिला, हे मला कळत नाही.

उत्तर एका शब्दात चालेल.

ताई


१९ जानेवारी

धाकटीस,

तुझे उत्तर आले नाही. ते मौन या वेळी मी कशाचेही लक्षण म्हणून धरलेले नाही.

काल पुन्हा संग्रहालयात गेले होते. बाईंनी इस्त्रीवाल्यालाही बोलावले होते. पंच्याहत्तरी उलटली आहे, हातात काठी आहे, जीभ मात्र शाबूत आहे. मला पाहताच म्हणाला, “तुम्ही ताई ना? ती तुमची नक्कल करायची कपडेपटात. ‘प्रथमतः मुद्दा असा की’. हुबेहूब.”

मी त्याला विचारले की हिरवा गाऊन पडद्यावर काळा कसा दिसतो.

“काळा कपडा काळ्याचा नसायचाच कधी,” तो म्हणाला. “खरा काळा कॅमेऱ्यापुढे नेला की भोक. वर बाईचं मुंडकं, बाजूला दोन हात, आणि मधे भोक. चालायचं का?”

“आणि पांढरा?”

“पांढरा तर दुश्मन. चहाच्या पाण्यात बुडवून काढायचा, नाहीतर असा लखलखायचा की तोंडच दिसायचं नाही. नायकाचा तो पांढराशुभ्र सदरा आठवतो? गुलाबी होता तो. लाइटवाले तोंडात रुमाल कोंबून हसायचे. आणि बाहेर पोरी त्या सदऱ्यासाठी जीव टाकायच्या.”

“म्हणजे सगळे खोटेच होते.”

“खोटं कसं? पडद्यावर बरोबर दिसत होतं की.”

हे खोडून काढण्याऐवजी मी ते वहीत उतरवून घेतले. असे वर्गात मी कधी केले नव्हते.

त्यानंतर जे घडले त्यासाठीच हे पत्र. बाईंनी सुती हातमोजे चढवून गाऊनची कंबर हळूच उलटी केली. म्हणाल्या, “हे अस्तर आम्हाला पहिल्यापासून कोड्यात टाकतंय. जिथे कुणाला दिसणार नाही तिथे इतकं भारी रेशीम कोण लावतं?”

अस्तर डाळिंबी होते.

इस्त्रीवाला लहान मुलासारखा खूश झाला. “तीच तर हिची अक्कल. वरचं कापड झिरझिरीत आहे ना? नायिका चालायला लागली की वर हिरवं चमकायचं आणि घडीतला उजेड खालचं लाल गिळून टाकायचं. असला काळा अख्ख्या स्टुडिओत कुणाला जमला नाही. कपडेपटाचे मास्तर स्वतः दोनदा बघून गेले, पण तोंडातून शाबासकी काढतील तर शपथ.”

डाव्या बाजूला, कमरेपासून चार बोटांवर, नाण्याएवढी रफूची जागा आहे. चौदाव्या वर्षी मी न विचारता आईच्या पोशाखावर इस्त्री फिरवली होती, आणि तो डाग आईने त्याच रंगाच्या धाग्याने भरला होता. ती जागा मी बोट न लावताही ओळखली असती. बोट लावू दिले नाही, हा भाग वेगळा.

आता माझी अडचण समजून घे. पंधरा दिवसांपूर्वी मी अशा निष्कर्षाला आले होते की मी चुकले: गाऊन हिरवा, म्हणून आरोप निराधार. आज तो निष्कर्ष टिकत नाही. आईचा पोशाख त्या गाऊनमध्ये आहे. म्हणजे माझे म्हणणे खरे होते आणि ते मी ज्या कारणाने म्हटले ते कारण खोटे होते. विद्यार्थ्यांना मी असे शिकवीत असे की चुकीच्या आधारावरून योगायोगाने हाती लागलेले सत्य हे ज्ञान नव्हे. त्याला काय म्हणायचे हे मी शिकवले नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते.

बाईंना माझे निवेदन हवे आहे. तो पोशाख तू घेतलास की तुला मिळाला, हे ठाऊक नसताना मी काय मागे घेऊ आणि काय कायम ठेवू? घेतलास असे म्हणावे, तर ते अस्तर तू लपवले नाहीस, इस्त्रीवाल्याला उघडपणे दाखवलेस. मिळाला असे म्हणावे, तर मग तू मला का सांगितले नाहीस?

दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. दोन्ही बाजू पडल्या.

ताई


२ फेब्रुवारी

धाकटीस,

निवेदनाचे चार मसुदे केले. पहिल्यात ‘गैरसमज’ हा शब्द होता. तो मी कापला, कारण गैरसमज आपोआप होतो आणि तक्रारपत्र मी स्वतः, शुद्ध अक्षरात, दोन प्रती काढून लिहिले होते. दुसऱ्यात ‘पुराव्याअभावी’ होते. वाचताना असे वाटले की तुला संशयाचा फायदा देऊन सोडते आहे. तिसरा अर्ध्यावर थांबला. चौथ्यात केवळ तारीख आहे.

बाईंचा परवा फोन आला. “तुम्हाला नसेल जमत तर राहू द्या. अज्ञात लिहिलेल्या अकरा पाट्या आहेत आमच्याकडे, बारावी होईल.” त्या सहज बोलल्या. मी फोन ठेवला आणि चौथा मसुदा पुन्हा पुढ्यात घेतला.

एक गोष्ट तक्रारीत नव्हती, आणि या आधीच्या दोन पत्रांतही मी ती लिहिली नाही. न लिहिणे हे खोटे बोलणे नव्हे, असा युक्तिवाद करता येईल. आज करत नाही.

कॉलेजात माझी नेमणूक झाली त्या दिवशी मी आईकडे तो पोशाख मागितला होता. पहिल्या व्याख्यानाला घालायचा म्हणून. तुला हसू येईल. आयुष्यभर राखाडी आणि तपकिरीशिवाय मी काही घातल्याचे तुला आठवणार नाही. आई म्हणाली, “तुला खांद्यात नाही बसायचा गं.” बसत होता. आदल्या आठवड्यात, तुम्ही दोघी बाहेर गेला असताना, दार लावून मी तो घालून पाहिला होता आणि आरशापुढे दहा मिनिटे उभी होते. हे मी आईला सांगू शकले नाही. व्याख्यानाला तपकिरीच घातला.

म्हणून आईच्या कपाटात तो मिळाला नाही त्या दिवशी माझे काय हरवले होते, हे मी आता नीट सांगू शकत नाही. आईची वस्तू गेली म्हणून मी तत्त्वासाठी उभी राहिले असे मी धरून चालले. त्या वेळी ते मला इतके स्पष्ट होते. पडद्यावर राखाडी छटांखेरीज काही नव्हते. मला तिथे डाळिंबी दिसला, कारण मी तो शोधायलाच गेले होते, असे आज वाटते. उद्या काय वाटेल, सांगवत नाही.

मी तुझी क्षमा मागत नाही. मागायची झाली तर कशाबद्दल, हे आधी ठरले पाहिजे, आणि ते केवळ तू ठरवू शकतेस. पोशाख तू घेतलास काय? ‘हो’ लिहिलेस तरी तुझे नाव पाटीवर यावे असा प्रयत्न मी करीन. तो कोणत्या आधारावर, हे अजून मला ठाऊक नाही.

ताई


५ फेब्रुवारी

ताई,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. पहिलं वाचून वाटलं, परीक्षेचा पेपर आलाय. दुसरं वाचून तसंच. तिसरं आलं तेव्हा एका गिऱ्हाइकाचे पडदे शिवत होते, मशीन थांबवून वाचलं. म्हणून उत्तर देते.

हिरवा होता. तेव्हाही.

पोशाख मी घेतला नाही, आईने दिला. नुसता दिला नाही, स्वतः कात्री लावली. मी तर हात मागे घेत होते. झालं असं की चाचणीत ते हिरवं कापड काळ्या अस्तरावर भोकासारखं दिसलं आणि मास्तर म्हणाले, उद्यापर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर दुसऱ्याला देतो. मी रडत घरी आले. आई उशीला टेकून बसली होती. म्हणाली, खाली लाल दे. म्हटलं, असलं लाल आणू कुठून? तर कपाटाकडे बोट.

दुसऱ्या दिवशी नमुना पास झाला, मग घेराची पानंही तिनेच भरली. तुला वाटलं ना ती तिच्यासारखी आहेत, ती तिचीच आहेत. सात आठवडे. मी सकाळची पाळी करून यायचे, तू कॉलेजातून यायची साडेपाचला. मधल्या वेळात आमचा कारखाना. पावणेपाच वाजले की सगळं गादीखाली. तू येऊन विचारायचीस, आज कशी आहेस, आणि आई कण्हून दाखवायची. तू बाहेर गेलीस की आम्ही हसायचो. एकदा एवढी हसली की सुई हरवली, दोन दिवस गादीवर जपून बसत होतो.

तुला का नाही सांगितलं? मी तिला म्हटलं होतं, ताईला सांगू या. ती म्हणाली, “नको गं. ती कारण विचारील. आणि मला कारण नाहीये, मला नुसतं आवडतंय.” शब्द घेतला माझ्याकडून. ती जाऊन तीनच महिने झाले होते, ताई, तेव्हा तू जाब विचारलास. एवढ्यात कसा मोडणार होते?

तरी मी ठरवलं होतं, तू दुसऱ्या दिवशी कपडेपटात आलीस की अस्तर उलटून दाखवायचं. दाखवणं म्हणजे सांगणं नाही, अशी पळवाट काढली होती. तुझीच बहीण मी. तू आली नाहीस. तुझं पत्र आलं. व्यवस्थापकाने ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. त्याला वाचायला आवडायचं, आवाज चांगला होता.

त्या वेळी आईचं नाव घेतलं असतं तर वाचले असते. मग तू तिलाही जाब विचारला असतास. ती नसताना.

क्षमेचं तू म्हणतेस तसं राहू दे. मला त्यातलं कळत नाही. आणि पाटीवर माझं नाव मला भरपाई म्हणून नको. लिहायचं तर दोघींची लिही, तिचं आधी. नाहीतर अज्ञातच बरं आहे. अज्ञात बाई निदान चोर नसते.

खांद्यात तुला खरंच बसला होता का? आईला ते माहीत होतं बहुतेक. आरशाखाली तुझी टाचणी पडलेली तिने मला दाखवली होती.

धाकटी


९ फेब्रुवारी

धाकटीस,

तुझे पत्र काल दुपारी आले आणि आज सकाळी मी संग्रहालयात जाऊन निवेदन दिले. नक्कल सोबत जोडली आहे, तरीही येथे उतरवते, कारण जोडलेले कागद न वाचण्याची तुझी जुनी खोड मला ठाऊक आहे.

“या गाऊनच्या घेरावरील पाने आमच्या आईने भरली. गाऊन तिच्या धाकट्या मुलीने शिवला. अस्तराचे रेशीम आईच्या स्वतःच्या पोशाखाचे असून ते तिने स्वतःच्या हाताने कापून दिले. यासंबंधी मी पूर्वी केलेला चोरीचा आरोप खोटा होता. तो मी गाऊन न पाहता केला. पाहण्यास बोलावले असता मी गेले नाही.”

निवेदनात ‘आधार’ असा एक रकाना आहे. तिथे मी ‘बहिणीचे पत्र’ असे लिहिले. बाईंनी चष्म्यावरून पाहिले.

“नुसतं पत्र? दुसरं काही नाही?”

“दुसरे काही नाही.”

“मागच्या वेळी तर तुम्ही दोन पानं कारणं दिली होती.”

“म्हणूनच.”

त्या थोड्या घुटमळल्या आणि म्हणाल्या, “एक विचारू का? तो तुमचा जुना कागद शेजारच्या काचेत ठेवला तर चालेल? लोकांना कळेल, नाव कसं सापडलं ते.” मला आठवड्याभराची मुदत देत होत्या. मी तिथेच हो म्हटले. तो कागद व्यवस्थापकाने एकदा सगळ्यांपुढे वाचला, तेव्हा मी तिथे नव्हते. आता सही माझी आहे आणि वाचणारे माझ्यासमोर वाचतील. उद्घाटनाला मी जाणार आहे. तू येशील असे गृहीत धरत नाही. आपल्या दोघींच्या नावाने निमंत्रण मात्र पाठवायला सांगितले आहे, आणि इस्त्रीवाला म्हणतो की तू आलीस तर स्टेशनावर तोच येईल, कारण मला तू ओळखणार नाहीस. मी विरोध केला नाही.

मला वाटले होते की सही केल्यावर डोके स्वच्छ होईल. तसे झालेले नाही. तुझे पत्र मी सहा वेळा वाचले. त्यातील प्रत्येक गोष्ट मी मान्य करते आणि एकीचीही मला कल्पना करता येत नाही. त्या खोलीत मी रोज साडेपाचला येत असे. औषधाच्या वेळा माझ्या वहीत होत्या. आजारी बाईच्या उशाशी जे जे पाहायचे असते ते सगळे मी पाहत होते, आणि तिच्या गादीखाली एका नायिकेचा घेर होता. ती टाचणी तिने तुला दाखवली, मला नाही. तिला ठाऊक होते तर ‘खांद्यात बसायचा नाही’ असे ती का म्हणाली, हे मी तुला विचारणार होते. वाक्य लिहिले आणि खोडले. वरच्या ओळीत दिसत असेल.

आईचा चेहरा आठवते तेव्हा ती मला ऐकून घेताना दिसते, मान डोलावताना दिसते, कण्हताना दिसते. हसताना दिसत नाही. सात आठवडे, रोज दुपारी, ती हसत होती असे तू म्हणतेस, आणि माझा त्यावर विश्वास आहे.

सुई हरवली त्या दिवशी काय झाले होते, तेवढे लिही. सवडीने लिही. कारण नको. कोण काय म्हणाले आणि ती कशी हसली, एवढेच.

ताई